घाटातली राणी आणि तेरचं कापड



आपल्या मुरुडाला समुद्र नाही. हे तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरगावी गेलं की सांगावं लागतं. 'आम्ही मुरुडच्या' म्हटलं की समोरचं माणूस जंजिरा किल्ल्याचं नाहीतर नारळी-पोफळीचं बोलायला लागतं. मग खुलासा करावा लागतो, की ते मुरुड रायगड जिल्ह्यातलं, आमचं मुरुड लातूरकडचं, इथं नारळ लागतो तो फक्त देवळात फोडायला. पण समुद्राशी आपलं काहीच नातं नाही असं मात्र नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावात विणलेलं कापड बैलगाड्यांत भरून समुद्राकडं जायचं आणि तिथून जहाजात चढून पार मिसर आणि रोमपर्यंत पोचायचं. त्या कापडाची एक वाट ज्या घाटातून खाली उतरायची, तो नाणेघाट बघायला आमच्या गटाच्या बाया गेल्या होत्या. आजचं बोलणं त्याबद्दल.

आधी शेजारच्या गावाचं सांगतो. ढोकीवरून पुढं गेलं की तेर. आपण तेरला जातो ते गोरोबाकाकांच्या समाधीला. चैत्रातली यात्रा, तेरणेचं पात्र, दर्शन झालं की परत. गावात जी पांढरीची टेकाडं दिसतात, त्यांच्याकडं आपलं लक्ष जात नाही. त्या टेकाडांखाली तगर नावाचं शहर आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात मिसर देशात राहणाऱ्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यात तो सांगतो, की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथून साधं जाडंभरडं कापड पुष्कळ येतं, तलम मलमलीचे प्रकारही येतात, आणि हे सगळं गाड्यांत घालून, धड रस्ते नाहीत अशा मुलखातून आणतात.

हे तगर म्हणजे कोणतं गाव, यावर विद्वानांचा पुष्कळ खल झाला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, भांडारकरांनी आपल्याकडचं धारूर सुचवलं. १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं तगर म्हणजे तेर असं दाखवून दिलं, आणि पुढं खोदकामांनी ते पक्कं केलं. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात नांगराला, पावसाला उघड्या पडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. मणी, मातीच्या बाहुल्या, बांगड्या, दिवे. आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तेरला आहे. त्यात हस्तिदंताची एक बाई आहे, अंगभर दागिने ल्यालेली. तिच्यासारखीच हस्तिदंती बाई इटलीत पाँपेई शहराच्या राखेखाली १९३८ साली सापडली. ते शहर इसवीसन ७९ मध्ये ज्वालामुखीत गाडलं गेलं. म्हणजे त्याच्या आधीच आपल्याकडची कारागिरी तिकडच्या घरात जाऊन बसली होती. गटातल्या एकीनं ते ऐकून विचारलं, 'मग तिथून इथं काय येत होतं?' प्रश्न रास्त आहे. येत होतं सोनं-चांदी, मद्य, पोवळी, काच. रोमन धाटणीचे दिवे आणि मातीच्या मुद्रा तेरला सापडल्यात.

तेरचं, पैठणचं बाजारपेठेतलं सामान जुन्नरला गोळा व्हायचं आणि सह्याद्री उतरून कल्याण बंदराला, सोपाऱ्याला जायचं. जुन्नर आणि कल्याणच्या मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. त्या भिंतीला पाडलेली खिंड म्हणजे नाणेघाट.

तिकडं आम्ही कशा गेलो ते थोडक्यात सांगतो, कारण जायला निघणाऱ्या गटांना त्याचा उपयोग होईल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. त्याच्या जोरावर अकरा जणी निघालो. मुरुडवरून पुण्याची गाडी, पुढं नारायणगाव, जुन्नर. जुन्नरात रात्रीचा मुक्काम केला आणि सकाळी जीप ठरवून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर. जुन्नरकडून गेलं की चढावं लागत नाही, गाडी वरपर्यंत जाते. कोकणाकडून, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडून गेलं तर मात्र दोन-तीन तासांची चढण आहे. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दोन दिवस टिकणाऱ्या दशम्या घेतल्या होत्या, त्यामुळं खर्च बसला तो प्रवासाचा आणि मुक्कामाचाच.

अकरा जणींतल्या चौघी या बाजूनं आधीही गेलेल्या होत्या. कोयता घेऊन, ट्रॉलीत बसून, ऊस तोडायला. बारामती, इंदापूर, जुन्नर, त्यांना सगळी नावं तोंडपाठ. कोणत्या फडावर पाणी कुठून आणावं लागतं हेसुद्धा त्यांना ठाऊक. 'पण बघायला म्हणून कधी आलो नव्हतो,' एवढंच त्या म्हणाल्या.

घाटघर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं लागतात. आम्ही गेलो तेव्हा भाद्रपद होता, सगळ्या माळावर सोनकीची पिवळी फुलं. डाव्या हाताला जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारी वानरलिंगी नावाचा उभा सुळका. मग जमीन संपते. आपल्याकडं नजर जाईल तिथवर सपाट रान असतं, क्षितिजापर्यंत तूर आणि सोयाबीन. इथं चालता चालता पायापुढं काहीच उरत नाही. खाली सुमारे आठशे मीटर खोल कोकण पसरलेलं, त्यात रुमालाएवढी शेतं आणि दोऱ्यासारखी वाट. धुकं खालून वर येत होतं. पावसाळ्यात इथं वारा एवढा जोराचा असतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. त्याला उलटा धबधबा म्हणतात आणि तो बघायला हल्ली फार गर्दी होते. कड्याच्या टोकाला अंगठ्यासारखा खडक आहे, त्याचं नाव नानाचा अंगठा. आमच्यातल्या दोघींनी तिथं उभं राहायला साफ नकार दिला. त्या मागं दगडावर बसून राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, 'आम्हाला दिसतंय तेवढं पुष्कळ झालं.'

तिथं उभं राहिल्यावर एक गोष्ट कुणी न सांगता कळते. समुद्राकडून येणारे ढग या भिंतीला अडतात आणि इथंच रिकामे होतात. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या वाट्याला त्याच्या चौथाईच्या आसपास, आणि तोही आला तर. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आठवत असेल. घागरी घेऊन टँकरपुढं उभ्या राहिलेल्या बायांनी ही भिंत एकदा बघावी. दुष्काळ हा कुणाच्या नशिबाचा किंवा पापाचा भाग नाही, डोंगराच्या आडोशाला राहणाऱ्यांचा तो भूगोल आहे. पाणी अडवण्या-वाटण्यात माणसांनी काय केलं, हा पुढचा हिशेब.

खिंडीतून खाली उतरायला दगडी पायऱ्या आणि फरसबंदी आहे. थोडं उतरलं की उजव्या-डाव्या अंगाला खडकात कोरलेल्या खोल्या, पाण्याची टाकी. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असं लोक सांगतात, आणि नाणी पडायची म्हणून नाणेघाट. आम्ही रांजणात हात घालून बघितला. पावसाचं पाणी होतं.

सगळ्यात मोठी गुहा हेच खरं बघण्याचं ठिकाण. गुहेच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर दहा-दहा ओळींचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. आणि मागच्या भिंतीवर एका घराण्याचे पुतळे होते. होते म्हणायचं, कारण आता तिथं पावलांच्या खुणांपलीकडं फारसं काही उरलेलं नाही. पण प्रत्येक पुतळ्याच्या वर नाव कोरलेलं होतं. माणसं गेली, नावं राहिली. पहिला सिमुक सातवाहन, या घराण्याचा मूळ पुरुष. त्याच्या शेजारी राजा-राणीची जोडी. आणि तिथं लिहिलंय: देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. राणीचं नाव आधी, राजाचं नंतर. आम्ही लग्नपत्रिकांपासून रेशनकार्डापर्यंत सगळं आठवून बघितलं, पण असं लिहिलेलं कुठं आठवलं नाही. पुढं राजपुत्रांची नावं येतात, आणि त्यांच्या रांगेत एक महारठी आहे. तो बहुतेक अभ्यासकांच्या मते राणीचा बाप. सासरच्या घराण्याच्या रांगेत माहेरच्या बापाचा पुतळा! हे ऐकल्यावर गुहेत जो हशा पिकला, तो खाली कोकणापर्यंत गेला असेल.

ही राणी म्हणजे नागनिका. लेखात तिचं नाव नायनिका असं आहे, इतिहासात नागनिका म्हणून ती ओळखली जाते. तिचं आणि सातकर्णीचं अशी दोघांची नावं असलेलं चांदीचं नाणंही मिळालं आहे. काळ सुमारे इसवीसनाच्या आधीचं पहिलं शतक. १८२८ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या लेखाकडं जगाचं लक्ष वेधलं. पुढं भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो बारकाईनं वाचला. तोवर वाटेनं जाणाऱ्या गुराख्यांनी आणि लमाणांनी ती अक्षरं शेकडो वर्षं रोज पाहिली असणार, पण वाचता येत नव्हती.

लेखाच्या सुरुवातीला धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्र-सूर्याला आणि चार दिशांच्या राखणदारांना नमस्कार आहे. मग राणीची ओळख. ती महारठीची लेक, राजाची बायको, वेदिश्री आणि सतिश्री या मुलांची आई. ती घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, महिना महिना उपास करणारी, व्रतं आणि यज्ञ जाणणारी. त्यापुढं यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय आणि कितीतरी. प्रत्येक यज्ञात काय दक्षिणा दिली त्याचा चोख हिशेब. गायी हजारांनी, घोडे, हत्ती, गावं, कापड, आणि कार्षापण नावाची नाणी. एके ठिकाणी आकडा आहे २४,४०० कार्षापणांचा. हे आकडे जुन्या भारतीय अंकांचे फार मोलाचे नमुने म्हणून जगभर अभ्यासले जातात. त्यात शून्य नाही, शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. गटाची वही लिहिणाऱ्या आमच्या सचिवबाईला यज्ञांपेक्षा हाच भाग आवडला. 'बघा,' ती म्हणाली, 'दिलेलं लिहून ठेवलंय म्हणून दोन हजार वर्षांनी कळतंय. तोंडी हिशेब असता तर काय राहिलं असतं?'

भाषाही अगदी परकी नाही. लेखात हत्तीला 'हथी' आहे, गावाला 'गाम', दक्षिणेला 'दखिना', श्रीला 'सिरि'. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जे जुने पुरावे मांडले गेले, त्यात या गुहेतला लेख होता. म्हणजे मराठीच्या जुनेपणाची साक्ष द्यायला पुढं आली ती एक बाई.

आता मुद्द्याचं. हा लेख कोरला तेव्हा सातकर्णी हयात नव्हता, मुलं लहान होती आणि नागनिका राज्य सांभाळत होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. लेख बराच झिजला आहे, मधली अक्षरं गेली आहेत. त्यामुळं यज्ञ नेमके कुणी केले यावर दोन मतं आहेत. एक मत असं, की नवरा असताना त्यानं केलेल्या यज्ञांत ती बरोबर बसली होती, आणि नंतर तिनं ते नोंदवून ठेवले. दुसरं मत असं, की नवऱ्याच्या मागं तिनं स्वतःही यज्ञ केले. दुसऱ्या मताला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. शास्त्राप्रमाणं एकट्या बाईला, त्यातून विधवेला, असा यज्ञ करता येत नाही, म्हणून तिनं केला नसणार. आम्हाला हा युक्तिवाद फारसा पटत नाही. शास्त्रात नाही म्हणून घडलं नसेल, असं म्हणायचं तर जगात कितीतरी गोष्टी घडल्याच नाहीत म्हणावं लागेल. पण दोन्ही मतं बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. सगळ्या राज्याचा माल ज्या दारातून जातो-येतो, त्या दारावर एका विधवेनं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आपल्या घराची दानत कोरून ठेवली. तिथून जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यानं ती पाहायची.

यावर गुहेतच आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, राणीच ती, तिला कोण अडवणार? दुसरी म्हणाली, अडवत नव्हते तर मग महिनाभर उपास करते, तपस्विनीसारखी राहते, हे खडकावर कोरायची गरज का पडली? राजानं कधी असं लिहिलंय का, की मी बायकोमागं उपास करतो? हे बोलणारी आमची मैत्रीण स्वतः नऊ वर्षांपासून एकटी आहे. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला. या सहलीला निघताना तिच्या घरात मोठा तमाशा झाला होता. नवरा नसलेल्या बाईनं फिरायला कशाला जायचं, लोक काय म्हणतील, असा. शेवटी गटातल्या दोन वयस्कर बाया जाऊन सासूजवळ बसल्या, तेव्हा कुठं ती निघाली. तिचं म्हणणं असं, की राणीलासुद्धा कारभार करायला आधी चांगुलपणाचं प्रमाणपत्र दाखवावं लागलं. आम्हाला ते खरं वाटलं. नागनिकेचं कौतुक करताना हा भाग गाळू नये. आणि हेही खरं, की ज्या बायांनी तेरला सूत कातलं, ज्यांच्या हातचं कापड या पायऱ्यांवरून उतरलं, त्यांच्यातल्या एकीचंही नाव या गुहेत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, आणि सण-समारंभात तिला बाजूला ठेवायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना असा ठराव करायला सांगणारं परिपत्रक काढलं. पुष्कळ गावांनी ठराव केले, काहींचे कागदातच राहिले. तुमच्या ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात तो आहे का, हे एकदा ग्रामसेवकाला विचारा.

सातवाहनांची आणखी एक रीत इथं सांगावीशी वाटते. त्यांच्या पुढच्या राजांच्या नावाआधी आईचं नाव लागतं. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही गौतमी म्हणजे गौतमी बलश्री. नातवाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं नाशिकच्या लेण्यात मुलाचा पराक्रम सांगणारा मोठा लेख कोरवला, त्यात ती स्वतःला राजाची आई आणि राजाची आजी म्हणवते. याचा अर्थ तेव्हा बायांचं राज्य होतं असा काढू नका. गादी बापाकडून लेकाकडंच जात होती. राजाला अनेक राण्या असत, मग कोणत्या राणीचा मुलगा हे कळायला आईचं नाव लागत असेल. तरी नाव लागत होतं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असं लिहायचा नियम झाला. शाळेत नाव घालताना आणि जन्मदाखला काढताना ते नीट लिहिलंय का, ते बघून घ्या.

बचत गटातल्या बायांना ऐकायला आवडेल अशी गोष्ट नाशिकच्याच लेण्यात आहे. त्या काळी विणकर, कुंभार, तेली यांच्या संघटना असत, त्यांना श्रेणी म्हणत. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं खोल्या आणि पाण्याचं टाकं खोदून दिल्याचा लेख आहे. नाशिकला उषवदात नावाच्या क्षत्रपांच्या जावयानं ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडं कायमचे ठेवले. २,००० एका श्रेणीकडं शेकडा महिना एक व्याजानं, १,००० दुसरीकडं शेकडा पाऊण व्याजानं. व्याजातून भिक्खूंची वस्त्रं आणि इतर खर्च, मुद्दल मोडायचं नाही. आपल्याकडं गटात शेकडा दोन चालतं, सावकाराकडं पाच आणि त्याहून जास्त. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी विणकऱ्यांच्या पतीवर राजघराण्याचा एवढा भरवसा होता. आज बँकेत गटाचं खातं उघडताना आपल्याला किती चकरा माराव्या लागतात ते प्रत्येकीला ठाऊक आहे.

कल्याणचा व्यापार पुढं काही काळ अडला. पेरिप्लसच्या वहीत लिहिलंय, की सातवाहनांच्या विरोधकांनी बंदराची नाकेबंदी केली, तिकडं ग्रीक जहाज आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेत. राजे भांडले की आधी बाजार बुडतो. पण घाट बंद पडला नाही. रोमचं सोनं येईनासं झालं तरी मीठ येतच राहिलं. कोकणातलं मीठ वर, देशावरचं धान्य खाली, बैलांच्या पाठीवर. हे काम लमाणांचं. आपल्या लातूर-नांदेडच्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्यांना 'लदेणी' हा शब्द अजून माहीत आहे. शेकडो बैलांचा तांडा, पुढं नायक, आणि तळ पडेल तिथं संसार मांडणाऱ्या बाया. सहलीत आमच्याबरोबर तांड्यावरच्या दोघी होत्या. खाली जाणाऱ्या पायऱ्या बघून एक म्हणाली, 'बैलाला इथं एक बाई पुढून धरत असेल आणि एक मागून.' इतिहासाच्या पुस्तकात हे आम्ही कुठं वाचलं नव्हतं, पण ज्यांनी जनावरं वळलीत त्यांना दिसतं.

लदेणी मोडली ती रेल्वेनं. आणि इथं आणखी एका विधवेची गोष्ट येते. नाणेघाटाच्या दक्षिणेला बोरघाट, लोणावळा-खंडाळ्याचा. तिथून मुंबईची रेल्वे वर चढवायचं काम १८५६ साली सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराला ते झेपेना, १८५९च्या सुरुवातीला मजुरी वेळेवर मिळेना म्हणून मजुरांनी दंगा केला. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजानं कंत्राट घेतलं. तो हिंदुस्थानात उतरला आणि काही दिवसांतच आजारानं मेला. त्याची बायको अ‍ॅलिस मागं राहिली. ती सामान बांधून विलायतेला परत गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं कंत्राट आपल्या अंगावर घेतलं, दोन जाणते इंजिनिअर कामावर नेमले आणि काम तडीला नेलं. २५ बोगदे, आठ मोठे पूल. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. पटकी आणि तापानं हजारो मजूर तिथं मेले. त्यांत टोपल्या वाहणाऱ्या बायाही होत्या. अ‍ॅलिसचं नाव रेल्वेच्या इतिहासात आलं, टोपलीवालीचं आलं नाही. गुहेतली गोष्ट इथंही तीच.

त्या रेल्वेला मग आपला भाग जोडला गेला. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी छोटी गाडी सुरू झाली, तीच बार्शी लाइट. १९११ साली ती आपल्या मुरुडावरून लातूरला पोचली. लातूरचा कापूस, तेलबिया, डाळी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढायच्या आणि बोरघाट उतरून कल्याणवरून मुंबईला. तगराचं कापड ज्या कल्याणला जायचं, तिथूनच. नाणेघाट मात्र मागं पडला. आणि लमाणांचं काय झालं? धंदा गेला, तांडे भटकत राहिले. १८७१च्या इंग्रजी कायद्यानं फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली होती, बंजारा समाजही त्यातून सुटला नाही. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पोचवणाऱ्यांच्या लेकीसुना आता ऊसतोडीला जातात, त्याच घाटांच्या पायथ्या-माथ्याशी.

जाणाऱ्या गटांसाठी दोन-तीन सूचना. ऐन पावसाळ्यात, सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. गर्दी असते आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं. कड्याच्या टोकाला लहान लेकरं नेऊ नका, वारा खरोखर जोराचा असतो. भाद्रपद-आश्विन बरा, नाहीतर हिवाळा. गुहेतल्या अक्षरांना हात लावू नका, त्यावर पाणी मारू नका. आमच्यासमोर एक तरुण खडकावर खडूनं आपलं नाव लिहीत होता. आमच्यातल्या मावशींनी त्याला इतकं गोड बोलून ते पुसायला लावलं, की तो नंतर आमचा फोटो काढून द्यायला थांबला. वेळ असेल तर वाटेत पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ बघा, आणि जुन्नरात शिवनेरी. पण नाणेघाटाला जायच्या आधी तेरचं संग्रहालय नक्की बघून घ्या. ते आपल्याला जवळ आहे, आणि कापड कुठून निघालं ते ठाऊक असलं की घाट वेगळा दिसतो.

एक काम तुमच्याकडं सोपवतो. तुमच्या गावातल्या जुन्या बारवेवर, देवळाच्या पायरीवर, वेशीत किंवा धर्मशाळेत एखाद्या बाईनं काही बांधल्याचा, दिल्याचा दगड आहे का ते बघा. देवनागरी असेल तर वाचून, मोडी किंवा आणखी जुनं असेल तर नुसता फोटो काढून, गटाच्या बैठकीत आणा. त्यावर शेंदूर किंवा ऑइलपेंट असेल तर खरवडू नका. पुढच्या महिन्याच्या बोलण्यात ते दगड घेऊ.